डेट्रॉइट : मध्यभाग आणि वस्त्या

१९५० च्या जनगणनेत अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १८ लाख ४९ हजार भरली. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजार होती. दर तीन माणसांमागे जवळजवळ दोन माणसे सत्तर वर्षांत उणी झाली. तिथे ना भूकंप झाला, ना महापूर आला, ना शत्रूने बाँब टाकले. साऱ्या जगाला मोटारगाडी देणारे हे शहर. त्याची माणसे बहुधा मोटारीत बसूनच ते सोडून गेली.

आपल्याकडच्या वाचकाला याची कल्पना येणे अवघड आहे. आपली शहरे माणसांच्या लोंढ्याने बेजार आहेत. येथे एक रिकामी खोली म्हणजे घबाड. डेट्रॉइटमध्ये रिकामे घर म्हणजे शेजाऱ्यावर कोसळलेले संकट. मुंबईच्या गिरणगावाशी तुलना करण्याचा मोह होतो, पण ती एका टप्प्यापुढे चालत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. भांडण झाले ते त्या जमिनीच्या वाटणीचे. डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड मोटार कंपनीचा सुमारे चाळीस एकरांवरचा जुना कारखाना २०१३ साली करथकबाकीच्या लिलावात गेला तो ४ लाख ५ हजार डॉलरना. एवढ्या पैशात परळच्या एखाद्या नव्या टॉवरात एक सदनिका मिळाली असती. जमिनीला मोल नसले की शहराचे काय होते, आणि असे शहर पुन्हा उभे करायचे तर सुरुवात कोठून करायची, हा डेट्रॉइटचा प्रश्न आहे. त्याला तिथे वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली ती पाहण्यासारखी आहेत.

प्रथम शहर वाढले कसे ते थोडक्यात. दोन सरोवरांना जोडणाऱ्या नदीच्या काठी १७०१ साली फ्रेंचांनी येथे किल्ला बांधला. फ्रेंचमध्ये 'देत्रुआ' म्हणजे सामुद्रधुनी, त्यावरून हे नाव. १९१३ साली हेन्री फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात मोटारीच्या जुळणीसाठी सरकता पट्टा सुरू केला आणि जानेवारी १९१४ मध्ये रोजी पाच डॉलर मजुरी जाहीर केली. मग काय विचारता! पोलंडचे, इटलीचे, अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या शेतांवरचे काळे मजूर, सारे इकडे धावले. १९०० साली शहरात २ लाख ८५ हजार माणसे होती. १९३० साली १५ लाख ६८ हजार झाली.

हा कामगार चाळीत राहिला नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. पाच डॉलरच्या रोजीत त्याला स्वतःचे घर परवडत होते. छोटेसे, लाकडी सांगाड्याचे, पुढे-मागे अंगण असलेले एकेका कुटुंबाचे घर. अशी लक्षावधी घरे सुमारे ३६० चौरस किलोमीटरांवर पसरली. शहर उंच न जाता आडवे वाढले. त्या लांबीरुंदीला पुरतील एवढे जलवाहिन्यांचे, गटारांचे, रस्त्यांचे आणि दिव्यांचे जाळे नगरपालिकेने विणले. पुढे माणसे गेली, पण जाळे तेवढेच राहिले. एखाद्या गल्लीत वीस घरांपैकी तीन घरांत माणसे उरली तरी नळ तेवढाच लांब लागतो आणि दिवे तेवढेच. अठरा लाखांसाठी शिवलेला अंगरखा सहा लाखांना सांभाळावा लागला.

माणसे का गेली? १९६७ च्या दंगलीकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. त्या वर्षी २३ जुलैला पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरील एका बेकायदा मद्यगृहावर छापा घातला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ४३ माणसे मेली. ती घटना भयंकर होतीच. पण घसरण तिच्या दीड तप आधी सुरू झालेली होती. १९४७ ते १९६३ या काळात शहरातील कारखान्यांतून सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या गेल्या. जुने कारखाने बहुमजली होते. नव्या पद्धतीच्या उत्पादनाला एकमजली आणि अफाट पसरलेली शेड हवी होती. तेवढी मोकळी जागा शहराबाहेरच मिळे. कारखान्यामागून कामगार गेला, कामगारामागून दुकानदार.

यात एक अमेरिकन खुबी आहे. आपल्याकडे शहर वाढले की भोवतालची गावे, निदान कधी ना कधी, महापालिकेच्या हद्दीत घेतली जातात. डेट्रॉइटच्या भोवतालची उपनगरे ही स्वतंत्र नगरपालिका आहेत. प्रत्येकीची घरपट्टी वेगळी, पोलीस वेगळे, शाळा वेगळ्या. शहराची उत्तर सीमा म्हणजे 'एट माइल रोड' नावाचा रस्ता. तो ओलांडून पलीकडे राहावयास जाणारा माणूस नोकरीसाठी रोज शहरात आला तरी त्याची घरपट्टी मात्र कायमची पलीकडे गेली. उत्पन्न घटले म्हणून शहराने कर वाढवले, १९६२ पासून प्राप्तीवरही शहराचा कर लावला. कर वाढले म्हणून आणखी माणसे गेली. घर फिरले की वासेही फिरतात, तसे झाले.

शिवाय हा रस्ता ओलांडण्याची मोकळीक सर्वांना नव्हती. घरकर्जाला हमी देणारी केंद्र सरकारची यंत्रणा काळ्या लोकांच्या वस्त्या 'धोकादायक' ठरवी. १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती, पण शेजारी काळ्यांची वस्ती असल्यामुळे कर्जाची हमी मिळेना. त्याने मध्ये सहा फूट उंचीची आणि सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत बांधली आणि हमी पदरात पाडून घेतली. ती भिंत अजून उभी आहे. आता तिच्यावर चित्रे रंगविली आहेत आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळीच कुटुंबे राहतात. गोऱ्या कामगाराला उपनगरात घर घ्यायला सरकारी हमी आणि जायला सरकारी खर्चाचा महामार्ग, असा दुहेरी आहेर मिळाला. काळा कामगार मागे राहिला, तोही ऐन नोकऱ्या संपण्याच्या वेळी.

शहर सावरण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. उलट फार झाले. त्यांतील बहुतेकांची दिशा एकच होती : शहराच्या मध्यभागी काही तरी भव्य उभारावे, म्हणजे त्याच्या तेजाने बाकीचे शहर उजळेल. मध्यभागाच्या लगत पूर्वेला 'ब्लॅक बॉटम' नावाची वस्ती होती. हे नाव तेथील काळ्या कसदार मातीवरून पडले, असे सांगतात. तिच्यातून जाणारी हेस्टिंग्ज स्ट्रीट ही काळ्या समाजाची बाजारपेठ. दुकाने, दवाखाने, खानावळी आणि जॅझ संगीताचे अड्डे तिथे गजबजलेले असत. ती गलिच्छ वस्ती ठरवून पन्नाशीच्या दशकात पाडण्यात आली. जमीन कित्येक वर्षे ओसाड राहिली. मग एका भागावर मीस व्हान डेर रोह या विख्यात वास्तुविशारदाच्या देखण्या इमारती उठल्या आणि खुद्द हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी खोल खंदकातून जाणारा महामार्ग आला, जो १९६४ साली वाहतुकीला खुला झाला. उठवलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी ज्या बाराव्या रस्त्याच्या परिसरात आसरा घेतला, तिथेच १९६७ ची दंगल पेटली, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

दंगलीनंतर हेन्री फोर्ड दुसरे यांच्या पुढाकाराने नदीकाठी 'रेनेसान्स सेंटर' हा काचेच्या मनोऱ्यांचा समूह उभा राहिला. रेनेसान्स म्हणजे पुनरुज्जीवन. १९७७ साली तो सुरू झाला. मधला मनोरा ७३ मजल्यांचा. दुर्दैव असे की, हा राजवाडा शहराकडे पाठ करून बसला होता. रस्त्याच्या बाजूला काँक्रीटचे मोठाले उंचवटे, आत शिरायला मोटार हवी. जुन्या इमारतींतली भाडेकरू कार्यालये इकडे आली आणि जुन्या इमारती ओस पडल्या. १९९६ साली जनरल मोटर्सने तो विकत घेतला आणि शहरातल्याच दुसऱ्या भागातले आपले मुख्यालय तिथे आणले. २०२४ साली तेथूनही ते मध्यभागातल्या नव्या इमारतीत नेण्याचे जाहीर केले. एका खिशातला रुपया दुसऱ्या खिशात टाकून श्रीमंत होण्याचाच हा प्रकार. १९८७ साली मध्यभागाभोवती घिरट्या घालणारी उन्नत रेल्वेही आली : लांबी २.९ मैल, स्थानके १३. ती वस्त्यांपर्यंत कोठेच पोचत नाही.

पण या साऱ्या कालखंडातील सर्वांत बोलकी घटना मध्यभागाबाहेर, पोलटाऊन या वस्तीत घडली. ती थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

पोलिश स्थलांतरितांनी वसवलेली ही वस्ती. १९८० च्या सुमारास तिथे वृद्ध पोलिश कुटुंबे आणि काळी कुटुंबे शेजारी शेजारी राहत. त्याच वर्षी लगतचा क्रायस्लरचा 'डॉज मेन' हा प्रचंड कारखाना बंद पडला. क्रायस्लर कंपनी स्वतःच सरकारी कर्जहमीवर तग धरून होती. अशा वेळी जनरल मोटर्सने शहराला कळविले की, अमुक इतकी सलग जागा अमुक मुदतीत मोकळी करून द्याल तर नवा कारखाना येथे बांधू, सहा हजार नोकऱ्या देऊ. नाही तर दुसरीकडे जाऊ. महापौर होते कोलमन यंग, डेट्रॉइटचे पहिले काळे महापौर. १९७३ साली निवडून आलेले, स्वतः कामगार चळवळीतून वर आलेले. त्यांनी होकार दिला. सुमारे चार हजार माणसे, तेराशेवर घरे, शंभरावर दुकाने-उद्योग, चर्च, इतके सगळे हलवावयाचे होते. रहिवासी न्यायालयात गेले. सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेऊ शकते हे खरे, पण एका खाजगी कंपनीला कारखान्यासाठी देणे हे सार्वजनिक काम कसे? मार्च १९८१ मध्ये मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला : रोजगार वाढणे हाच सार्वजनिक हेतू. त्या उन्हाळ्यात 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' चर्चमध्ये ठाण मांडून बसलेल्या वृद्ध बायकांना पोलिसांनी बाहेर काढले आणि चर्च पाडले.

कोलमन यंग यांना खलनायक ठरविणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. ज्या शहरात कारखान्यामागून कारखाना बंद पडतो आहे, त्या शहराच्या महापौराने सहा हजार नोकऱ्या नाकाराव्यात अशी अपेक्षा करणारे लोक बहुधा स्वतः बेकार नसतात. चूक सौद्याच्या अटींत होती. जागा मोकळी करण्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून वीस कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, नोकऱ्यांचे वचन मात्र लेखी हमीचे नव्हते. कारखाना १९८५ साली सुरू झाला. नोकऱ्या वचनापेक्षा पुष्कळच कमी निर्माण झाल्या. २००४ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका दाव्यात १९८१ चा आपला निकाल चुकीचा होता असे स्पष्ट म्हटले. तोवर पोलटाऊनच्या पाडलेल्या भागातली एकही गल्ली उरली नव्हती.

आता वस्त्यांकडे वळू. मध्यभागात मनोरे उठत असता वस्त्यांत एक निराळेच यंत्र फिरत होते, आणि त्याचे मुख्य चाक म्हणजे घरपट्टी.

२००८ च्या सुमारास अमेरिकेत घरकर्जांचा फुगा फुटला आणि डेट्रॉइटमधील घरांच्या किमती कोसळल्या. मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे घरपट्टीसाठी धरावयाचे मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. पण नगरपालिकेची दफ्तरे जुन्याच आकड्यांवर चालत राहिली. साऱ्या शहराची घरे नव्याने मोजण्याचे काम २०१७ साली पुरे झाले. त्याआधीची अशी मोजणी सुमारे साठ वर्षांपूर्वीची. 'डेट्रॉइट न्यूज' या वृत्तपत्राने २०२० साली हिशेब मांडला की, २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जास्तीचे आकारले गेले. फटका सर्वांत मोठा बसला तो सर्वांत स्वस्त घरांना. गरिबांना घरपट्टी माफ करण्याची तरतूद होती. मात्र अनेकांना ती ठाऊकच नव्हती.

मग काय होई? १९९९ च्या राज्य कायद्याने थकबाकीची मुदत तीन वर्षांवर आणली होती. तीन वर्षे पट्टी थकली की जिल्हा प्रशासन घर ताब्यात घेई आणि लिलावात काढी. लिलावाची शेवटची बोली पाचशे डॉलरपासून सुरू होई. घेणारा बहुधा दूरचा सट्टेबाज. त्याने घर पाहिलेलेही नसे. तो भाडे येईल तितके खाई, पट्टी भरत नसे, आणि तीन वर्षांनी घर पुन्हा लिलावात. मधल्या काळात घर रिकामे पडले की चोर तांब्याचे नळ आणि तारा उपटून नेत. थंडीत फुटलेल्या नळाने जमीन कुजे. लाकडी घर, एखाद्या रात्री पेट घेई. शेजारच्या घराची किंमत आणखी उतरे, आणि त्याची पट्टी पुन्हा जुन्याच आकड्याने येई. २००८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत एक लाखाच्या आसपास मालमत्ता या मार्गाने गेल्या. कारखाने गेल्यावरही जी माणसे चिकाटीने टिकून होती, त्यांना शहराने आपल्याच हाताने बाहेर काढले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

घर दुरुस्त करून का विकत नाहीत, असा प्रश्न येथे पडेल. समजा, एक पडके घर फुकट मिळाले. छप्पर, नळ, विजेच्या तारा, तापविण्याची भट्टी यांना ऐंशी हजार डॉलर लागतात. दुरुस्तीनंतर त्या गल्लीत त्याची किंमत पन्नास हजार येते. बँक पन्नास हजारांच्या वस्तूवर ऐंशी हजारांचे कर्ज कशी देणार? ही मधली तीस हजारांची खाच बुजली नाही तर शहाणा माणूस दुरुस्तीला हात घालीत नाही. घालतो तो हौशी किंवा हट्टी. डेट्रॉइटच्या वस्त्यांचे सारे अर्थशास्त्र या खाचेत आहे. मध्यभागी कितीही मनोरे बांधले तरी पाच मैलांवरच्या गल्लीतली ही खाच त्यांनी भरत नाही.

१८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळे जाहीर केले. कर्ज व इतर देणी मिळून सुमारे १,८०० कोटी डॉलर. तोवर अमेरिकेतील कोणत्याही शहराने एवढ्या रकमेचे दिवाळे काढले नव्हते. राज्यपालांनी नेमलेल्या प्रशासकाच्या हाती कारभार होता, लोकांनी निवडलेले प्रतिनिधी बाजूला. देणेकऱ्यांची दृष्टी शहराच्या मालकीच्या कलासंग्रहालयाकडे वळली. तिथे ब्रॉयगेल, व्हान गॉग आहेत. आणि दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ साली फोर्डच्या कारखान्यातील कामगारांवर रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. चित्रे विकावी की निवृत्त सफाई कामगाराचे निवृत्तिवेतन कापावे, असा पेच पडला. अखेर धर्मादाय प्रतिष्ठाने, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम काही वर्षांत देण्याचे कबूल केले, चित्रे वाचली. सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांचे वेतन ४.५ टक्के कापले गेले आणि महागाईची वाढ बंद झाली. त्यांची आरोग्यविम्याची सोय तर फारच आखडली, जिची वर्तमानपत्रांत चित्रांइतकी चर्चा झाली नाही. २०१४ साली पाण्याची बिले थकली म्हणून हजारो घरांचे नळ तोडण्यात आले. जगातील सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवरांच्या कुशीतले हे शहर! संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ चौकशीला येऊन गेले.

डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर पडले. त्यानंतरची दहा वर्षे मध्यभागाच्या भरभराटीची. घरकर्जाच्या धंद्यातील डॅन गिल्बर्ट या उद्योगपतीने २०१० सालीच आपली कंपनी उपनगरातून मध्यभागी आणली होती आणि पुढे शंभराच्या आसपास इमारती घेतल्या. १९८८ साली बंद पडलेले मिशिगन सेंट्रल हे राजेशाही रेल्वे स्थानक वर्षानुवर्षे फुटक्या खिडक्यांनिशी उभे होते. २००९ साली ते पाडावे असा ठराव नगरपरिषदेने केला, पण तो कागदावरच राहिला. कधी कधी सरकारी दिरंगाई शहराचे भले करते ते असे. २०१८ साली फोर्ड कंपनीने ते घेतले आणि जून २०२४ मध्ये ते झगमगाटात उघडले. हे काम चांगले झाले यात शंका नाही.

पण मध्यभागाच्या या भरभराटीचा पैसा कसा उभा राहतो तेही पाहावे. एखाद्या क्षेत्रात विकासामुळे घरपट्टी वाढली की ती वाढ शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता त्याच क्षेत्रात खर्चण्यासाठी बाजूला काढली जाते. तिच्या भरवशावर कर्जरोखे काढून नव्या प्रकल्पांना मदत देतात. क्षेत्र आपलेच मोल आपल्यावर खर्चते. वस्त्यांकडे त्यातून काही झिरपत नाही. २०१७ साली उघडलेल्या बर्फावरील हॉकीच्या क्रीडागाराला सुमारे ८६ कोटी डॉलर लागले, त्यांत ३२ कोटींच्या वर सार्वजनिक पैसा होता. भोवती दुकाने आणि घरांचे पाच नवे मोहल्ले उठतील असे सांगितले होते. कित्येक वर्षे तिथे प्रामुख्याने उठले ते मोटारी उभ्या करण्याचे तळ. अशा सौद्यांविरुद्ध लोकांनी त्याआधीच जोर केला होता आणि २०१६ साली मतदानाने एक नियम आला : साडेसात कोटी डॉलरच्या वरचा प्रकल्प सार्वजनिक सवलती घेणार असेल तर शेजारच्या रहिवाशांच्या समितीशी आधी बोलणी झाली पाहिजेत. विकसकांनी विरोध केलेला मूळचा कडक नियम त्या मतदानात पडला आणि हा सौम्य तेवढा मंजूर झाला. पोलटाऊनच्या लोकांना मात्र एवढेही मिळाले नव्हते.

वस्त्यांत ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडला त्या इतक्या साध्या आहेत की, त्यांचे उद्‌घाटन करायला मोठा पाहुणा मिळणे कठीण. पहिली रस्त्यावरचे दिवे. दिवाळखोरीच्या वेळी शहरातील सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. २०१६ च्या अखेरीपर्यंत ६५ हजार नवे दिवे लागले. चोरांनी तारा उपटू नयेत म्हणून तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या. संध्याकाळी मुलगी शाळेतून एकटी घरी येऊ शकते की नाही, यावर कुटुंब शहरात राहते की सीमा ओलांडते हे ठरते. (शाळांचे मात्र दुखणेच आहे. २००० नंतरच्या पंधरा वर्षांत दोनशेच्या आसपास शाळा बंद झाल्या.)

दुसरी जमिनीची मालकी. जप्त झालेली घरे आणि भूखंड एका सार्वजनिक भूमी-प्राधिकरणाकडे आले. आपल्या घरालगतचा रिकामा भूखंड शंभर डॉलरला विकत घेण्याची मुभा रहिवाशांना मिळाली. वर्षानुवर्षे ते त्या भूखंडावरचे गवत आपल्या पैशाने कापत होतेच. आता ते त्याचे मालक झाले. कोणी भाजी लावली, कोणी मुलांसाठी झोका टांगला. तिसरी म्हणजे पडक्या घरांचे पाडकाम. २०१४ नंतरच्या दशकात वीस हजारांहून अधिक घरे पाडली गेली. यातला विरोधाभास असा की, यासाठीचा मोठा निधी केंद्र सरकारने मुळात लोकांची घरे जप्तीपासून वाचविण्यासाठी दिलेला होता. घर वाचवायचा पैसा घर पाडण्यात गेला. त्या पाडकामाच्या ठेक्यांची पुढे केंद्रीय चौकशीही झाली. तरीही जळक्या घराशेजारी राहणाऱ्या माणसाला विचारले तर तो पाडकामाच्याच बाजूने बोलेल.

आणि काही गोष्टी तर सरकारने केल्याच नाहीत. टायरी गायटन या चित्रकाराने १९८६ पासून हायडलबर्ग स्ट्रीटवरची ओस घरे ठिपक्यांनी, टाकून दिलेल्या बाहुल्यांनी, बुटांनी सजविली. नगरपालिकेने १९९१ आणि १९९९ साली त्यातला काही भाग पाडला. लोक मात्र परदेशांतून पाहायला येत राहिले. काळ्या रहिवाशांच्या एका संघटनेने रूज पार्कमध्ये सात एकरांवर शेती उभी केली. हॅमट्रॅमक या लगतच्या छोट्या नगरपालिकेच्या सीमेवर बांगलादेशी कुटुंबांनी स्वस्तातली जुनी घरे घेतली, आपल्या हातांनी दुरुस्त केली आणि अंगणात मांडव घालून दुधी, दोडके चढविले. त्या भागाला आता लोक 'बांगलाटाऊन' म्हणतात. मघाची ती तीस हजारांची खाच या कुटुंबांनी कर्जाने भरली नाही. भाऊबंदांच्या मजुरीने भरली.

२०२३ च्या जनगणना खात्याच्या अंदाजात डेट्रॉइटची लोकसंख्या किंचित वाढलेली दिसली. १९५७ नंतर प्रथमच. शहरात पेढे वाटण्यासारखाच हा दिवस. मात्र २०१० ते २०२० या दशकातला एक आकडा त्याच्या शेजारी ठेवला पाहिजे : त्या दहा वर्षांत शहरातील काळी लोकसंख्या नव्वद हजारांहून अधिक घटली, आणि गोऱ्या, लॅटिन व आशियाई रहिवाशांची संख्या वाढली. जे पडत्या काळात राहिले ते चढत्या काळात आहेत की नाहीत, हे केवळ एकूण आकड्यावरून कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेरी शेफील्ड या शहराच्या पहिल्या महिला महापौर निवडून आल्या. त्यांच्या प्रचारातही घरे आणि वस्त्या हा विषय पुढे होता.

सध्याचा वाद हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून गेलेल्या त्या खंदकातील महामार्गाचा आहे. तो बुजवून तिथे साधा, झाडांचा, पायी ओलांडता येणारा रस्ता करावा अशी योजना आहे. २०२२ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे साडेदहा कोटी डॉलर मंजूर केले. खर्च वाढला, आराखड्यावर लोकांनी हरकती घेतल्या आणि २०२५ साली काम स्थगित झाले. खंदक बुजला तर सुमारे तीस एकर जमीन मोकळी होईल, मध्यभागाच्या अगदी लगत, म्हणजे आता सोन्याच्या भावाची. ज्यांची घरे आणि दुकाने तिथे होती त्यांची मुले-नातवंडे सभांतून विचारीत आहेत की, ही जमीन सर्वांत मोठ्या बोलीला जाणार की तिच्यात आमचाही वाटा ठरणार. अजून त्यांना उत्तर मिळालेले नाही.